गाय दिली, वैरणीचं काय?

"ओपन सोर्स म्हणजे कोणीही बदलू शकतं ना? मग आतापर्यंत कोणी ते बिघडवून कसं टाकलं नाही?"

संगणकाशी फारसा संबंध नसलेला माणूस ओपन सोर्सबद्दल पहिल्यांदा ऐकतो, तेव्हा बहुधा हेच विचारतो. शंका रास्त आहे. सार्वजनिक नळाची तोटी चार दिवस टिकत नाही; मग सगळ्यांसाठी उघडा ठेवलेला प्रोग्राम तीस-तीस वर्षं कसा टिकतो? विद्यार्थ्यांचा प्रश्न वेगळा असतो : "मला त्यात माझा कोड घालायचा आहे. कसा घालू?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. बाहेरचा कोड आत घेण्याचे जे नियम असतात, तेच त्या प्रकल्पाला बिघडण्यापासून वाचवतात. ते नियम आपण लिनक्स कर्नलच्या उदाहरणातून समजून घेऊ. कर्नल म्हणजे यंत्र आणि त्यावर चालणारे प्रोग्राम यांच्यामधला कारभारी : कोणाला किती मेमरी द्यायची, कोणाचा आवाज स्पीकरपर्यंत पोचवायचा, हे तो ठरवतो. प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात हाच कर्नल आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळे संगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालतात.

१. खुलं म्हणजे नक्की काय खुलं?

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं, की आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितो आहोत. तीच लिनक्स. १९९२ मध्ये त्याने ती 'जीपीएल' या परवान्याखाली आणली. परवान्याचा गाभा असा : वाचा, वापरा, बदला, वाटा, मात्र बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात, तर त्याचा कोडही याच अटींवर द्या.

इथे दोन प्रतींमधला फरक लक्षात घ्यायला हवा. घरातल्या आजीच्या वहीत पुरणपोळीची कृती आहे. ती कोणीही उतरवून घ्यावी, आपल्या वहीत गुळाच्या जागी साखर लिहावी. आजीची हरकत नाही. पण आजीच्या वहीत खाडाखोड करायची, तर आजीला पटवावं लागतं. ओपन सोर्सचंही तसंच आहे. तुमच्या प्रतीत तुम्ही राजे. मूळ प्रतीत बदल फक्त सुचवता येतो, आणि त्या सुचवलेल्या बदलालाच 'पॅच' म्हणतात. फाटक्या कपड्याला लावतात ते ठिगळच, पण शिंप्याला दाखवून लावायचं.

म्हणजे वाचणं सगळ्यांना खुलं आणि सुचवणंही सगळ्यांना खुलं. स्वीकारणं मात्र काही जणांच्याच हाती.

२. दान घेणाऱ्याचा खर्च

नवखा माणूस इथे थोडा दुखावतो. "मी फुकट काम करून देतोय आणि वर यांच्या अटी?"

समजा, कोणी गावच्या देवळाला गाय दान दिली. दात्याचं नाव फरशीवर कोरलं गेलं, नारळ मिळाला, तो घरी गेला. दुसऱ्या दिवसापासून वैरण, पाणी, शेण आणि आजारपणात गुरांचा डॉक्टर हे सगळं देवळाच्या गळ्यात. गाय फुकट मिळाली खरी, पण तिला सांभाळणं काही फुकट होत नाही.

कोडचं हेच आहे. कर्नलमध्ये आज साडेतीन कोटींहून अधिक ओळी आहेत. ध्वनी, नेटवर्क, फाइल साठवण अशा विभागांत त्यांची वाटणी झालेली असते आणि प्रत्येक विभागाला सांभाळणारी माणसं नेमलेली असतात. त्यांना 'मेंटेनर' म्हणतात. त्यांची यादी कोडसोबतच 'मेंटेनर्स' नावाच्या फाइलमध्ये असते. तुमच्या ५० ओळी आत गेल्या, की पुढच्या वर्षी शेजारचा कोड बदलल्यावर त्या कोण दुरुस्त करणार? त्यात सुरक्षेचं भोक सापडलं तर रात्री कोण जागणार? तोवर तुमची नोकरी बदललेली असेल, आवड बदललेली असेल.

म्हणून मेंटेनर पॅच बघतो तेव्हा "कोड चांगला आहे का?" याच्या जोडीला "हा सांभाळणं मला झेपेल का?" हेही मनाशी विचारतो. पुढचे सगळे नियम या दुसऱ्या प्रश्नातून जन्मले आहेत.

३. मागील पानावरून पुढे

अनेक हातांनी एकच मजकूर सांभाळायचा, ही अडचण जुनी आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती हाताने उतरवल्या जात होत्या. प्रत्येक हाताबरोबर थोडे पाठभेद शिरत गेले. अखेर शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, संत एकनाथांनी पोथ्या ताडून शुद्ध प्रत तयार केली आणि यापुढे यात कोणी आपली ओवी घुसडू नये असं बजावलं. नाथांना ग्रंथ शुद्ध करून दार लावून घेता आलं. कर्नलला ती सोय नाही. रोज नवी यंत्रं येतात, त्यामुळे दार उघडं ठेवूनच प्रत शुद्ध राखावी लागते.

त्यासाठीचं साधन म्हणजे 'गिट'. कर्नलचे लोक आधी बिटकीपर नावाचं खासगी कंपनीचं साधन वापरत. त्याचा मोफत वापर बंद झाला, तेव्हा एप्रिल २००५ मध्ये टोरवाल्ड्सने गिट लिहायला घेतलं. आज जगभरातले असंख्य प्रकल्प तेच वापरतात.

गिट काय करतं, ते दुकानदाराच्या हिशेबाच्या वहीवरून कळेल. पान संपलं की तळाची बेरीज पुढच्या पानाच्या माथ्यावर लिहितात : 'मागील पानावरून पुढे'. आता कोणी चोरून दहाव्या पानावरचा आकडा बदलला, तर अकराव्या पानापासून शेवटपर्यंत एकही बेरीज जुळणार नाही. गिटमधल्या प्रत्येक नोंदीला, म्हणजे 'कमिट'ला, असाच एक खूणक्रमांक असतो. तो त्या नोंदीतला मजकूर आणि आधीच्या नोंदीचा खूणक्रमांक यांवरून काढलेला असतो. मागची एक ओळ बदलली तरी पुढचे सगळे क्रमांक बदलतात आणि ज्याच्याकडे जुनी प्रत आहे त्याला ते लगेच कळतं.

४. एका अर्जात एकच विषय

तहसील कचेरीत अनुभवी माणूस सांगतो : सातबारावरची दुरुस्ती आणि रेशनकार्डातलं नाव एकाच अर्जात लिहू नका. पॅचचंही तसंच. एका पॅचमध्ये एकच बदल. चूक दुरुस्त करता करता शेजारच्या ओळींची मांडणी नीट केली, एका नावाचं स्पेलिंग सुधारलं, एवढं सगळं एकत्र आलं की तपासणाऱ्याला खरी दुरुस्ती शोधावी लागते. मोठं काम असेल तर त्याचे क्रमाने तुकडे पाडायचे, आणि प्रत्येक तुकडा लावल्यावर प्रोग्राम चालला पाहिजे.

हा आग्रह का, ते दिवाळीच्या दिव्यांच्या माळेवरून पाहू. माळेतला एक दिवा गेला आणि सगळी माळ विझली. एकेक दिवा तपासण्यापेक्षा शहाणा वायरमन माळ मधोमध तपासतो : बिघाड डाव्या अर्ध्यात की उजव्या? मग त्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. समजा, गेल्या महिन्यात आवाज नीट होता, आज नाही आणि मधे १,००० बदल झाले आहेत. अर्ध्यावर जाऊन तपासलं की उरले ५००, मग २५०, १२५, ६३, ३२, १६, ८, ४, २ आणि शेवटी १. दहा चाचण्यांत गुन्हेगार बदल सापडतो. गिटमध्ये हे करणारी 'बायसेक्ट' नावाची आज्ञाच आहे. पण मधला एखादा बदल अर्धवट असेल आणि तिथे प्रोग्राम चालतच नसेल, तर ही शोधाशोध तिथेच अडते. शिवाय सापडलेल्या एका बदलात सात गोष्टी कोंबलेल्या असतील, तर गुन्हेगाराचं घर सापडलं पण खोली सापडली नाही, अशी गत होते.

५. 'काय' कोड सांगतो, 'का' तुम्ही सांगा

पॅचसोबत चार ओळींचं टिपण लिहायचं असतं. नवखे तिथे कंटाळा करतात. एक कल्पित उदाहरण घेऊ. हिशेबाचा एक प्रोग्राम एक कोटी ही रक्कम १०,०००,००० अशी दाखवतो आणि तुम्ही ते सुधारलंत. वाईट टिपण : "बग काढला." हेच टिपण नीट लिहायचं तर असं :

"रक्कम : भारतीय पद्धतीने स्वल्पविराम टाका.

भारत निवडला तरी एक कोटी ही रक्कम १,००,००,००० अशी न दिसता १०,०००,००० अशी दिसते. देश कोणताही असला तरी तीन-तीन अंकांचे गट पाडले जातात, हे याचं कारण. देशाच्या नोंदीतला गटांचा नियम वाचून त्याप्रमाणे गट पाडा. ऋण रकमा आणि एक हजाराखालच्या रकमा तपासल्या आहेत."

आधी लक्षण, मग कारण, मग उपाय, मग चाचणी : चांगल्या डॉक्टरच्या केसपेपरसारखं. कर्नलमध्ये टिपणाची भाषा आज्ञार्थी ठेवतात : "मी टाकला" नव्हे, "टाका". विषयाची ओळ ७० ते ७५ अक्षरांत बसवतात. आधीच्या एखाद्या बदलाने चूक शिरली असेल, तर 'फिक्सेस' या शब्दापुढे त्या बदलाच्या खूणक्रमांकाची पहिली १२ अक्षरं देतात. दहा वर्षांनी कोणी ती ओळ पुसायला निघाला, तर ती तिथे का आहे हे सांगायला तुम्ही नसाल, टिपण असेल.

कोडच्या मांडणीचेही नियम आहेत. कर्नलमध्ये आतली ओळ आठ अक्षरांइतकी आत सरकवतात. मुद्दाम एवढी, की चौथ्या घरात शिरेपर्यंत जागा संपावी आणि आपण फार गुंता केलाय हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात यावं. 'चेकपॅच' नावाचा छोटा प्रोग्राम मांडणीतल्या चुका दाखवतो. तो चालवल्याशिवाय पॅच पाठवणं म्हणजे शुद्धलेखन न तपासता लेख संपादकाकडे धाडणं.

६. सही कशावर?

कर्नलच्या प्रत्येक पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी एक ओळ असते; पुढे नाव आणि ईमेल. ही ओळ नसेल तर पॅच घेतला जात नाही.

ही प्रथा एका खटल्यानंतर आली. मार्च २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावला, की युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीममधला आपल्या मालकीचा कोड लिनक्समध्ये गेला आहे. खटला वर्षानुवर्षं चालला. कोणती ओळ कुठून आली, हे दाखवता येणं किती महत्त्वाचं आहे, ते सगळ्यांना कळलं. २००४ मध्ये कर्नलने छोटं प्रतिज्ञापत्र स्वीकारलं. त्याचा मथितार्थ असा : हा कोड मी लिहिला आहे आणि तो द्यायचा मला अधिकार आहे, किंवा तो जुळणाऱ्या परवान्याच्या कोडवर आधारलेला आहे, किंवा ज्याने अशीच हमी दिली त्याच्याकडून तो जसाच्या तसा माझ्याकडे आला आहे, आणि माझी ही नोंद कायम जाहीर राहील, हे मला मान्य आहे. सही त्यावर असते. पॅच ज्यांच्या हातून पुढे जातो ते मेंटेनरही आपापली सही जोडतात. पाळंमुळं शोधायची झाली तर साखळी तयार असते.

नोकरदारांनी इथे थांबून विचार करावा. १९५७च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचा असतो. "अधिकार आहे" असं लिहिण्याआधी नेमणूकपत्र काढून वाचा. यंत्राकडून लिहून घेतलेल्या कोडलाही हेच लागू : ओळी कोणीही लिहिल्या असोत, सही तुमची आहे. जो कोड तुम्हाला समजावून सांगता येत नाही, त्याखाली सही करू नका.

७. कोणाकडे, केव्हा?

टोरवाल्ड्सला थेट पॅच पाठवून उपयोग नाही. 'गेट मेंटेनर' नावाचा प्रोग्राम तुमचा पॅच वाचून तो कोणाकडे जावा ते सांगतो. कर्नलमध्ये पॅच ईमेलने जातो. साधा मजकूर म्हणून, पत्राच्या पोटातच. जोडफाइल नको, रंगीत अक्षरं नकोत. वाचणाऱ्याला तुमच्या ओळीखालीच आपला शेरा लिहिता यावा, एवढाच हेतू.

कर्नलची नवी आवृत्ती दर दोन-तीन महिन्यांनी निघते. पहिल्या साधारण दोन आठवड्यांत नवं काम आत घेतात. तेही आधी तपासून आणि वेगळ्या चाचणी-प्रतीत मुरवून ठेवलेलं. नंतरचे सहा-सात आठवडे फक्त दुरुस्त्या. मंडळाच्या मंडपासारखं : गणपती बसेपर्यंत काय ते खांब हलवा, मूर्ती बसल्यावर फक्त गळती थांबवायची.

उत्तर लगेच येत नाही. साधारण दोन-तीन आठवडे धरून चालावं आणि आठवण करण्याआधी निदान एक आठवडा थांबावं, असं कर्नलचं मार्गदर्शन सांगतं. ज्याच्या दारात शंभर जण उभे आहेत, त्याच्या दारावर रोज थाप मारल्याने रांग पुढे सरकत नाही.

८. उत्तर आल्यावर

बहुतेक पहिल्या पॅचला "हे बदला, ते बदला" असंच उत्तर येतं. तो नकार नसतो. कोणीतरी वेळ काढून तुमचा कोड ओळ न् ओळ वाचला, असा त्याचा अर्थ. प्रत्येक शेऱ्याला उत्तर द्यायचं : पटलं तर बदल करायचा, पटलं नाही तर कारण सांगायचं, पण गप्प राहायचं नाही. सुधारलेल्या पॅचवर 'व्ही २' लिहायचं आणि मागच्या वेळेपासून काय बदललं ते खाली नोंदवायचं. काही पॅच 'व्ही १०'च्याही पुढे जातात.

शेऱ्यांची भाषा मात्र नेहमीच सभ्य नव्हती. खुद्द टोरवाल्ड्सचे फटके प्रसिद्ध होते. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने त्याबद्दल जाहीर माफी मागून काही आठवडे कामातून रजा घेतली आणि कर्नलने आचारसंहिता स्वीकारली. कोडवर टीका करा, माणसावर नको, हा नियम आता दोन्ही बाजूंना लागू आहे.

९. दार उघडं, पहारा थकलेला

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. कोणी मुद्दाम बिघडवायचं ठरवलं तर?

तसे प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रयोग म्हणून कर्नलकडे जाणूनबुजून सदोष पॅच पाठवले. एप्रिल २०२१ मध्ये प्रकरण पेटलं. विद्यापीठाच्या पॅचवर बंदी आली, त्यांचे जुने बदल पुन्हा तपासले गेले आणि संशोधकांनी निबंध मागे घेतला. त्या तपासणीत वाचणाऱ्यांचा बराच वेळ गेला.

याहून गंभीर प्रकार कर्नलबाहेर घडला. 'एक्सझेड' हा फाइली आकसवणारा छोटा प्रोग्राम लिनक्सच्या बहुतेक संचांत असतो. तो अनेक वर्षं मुख्यतः एकच माणूस मोकळ्या वेळात सांभाळत होता. २०२१ पासून 'जिया टान' या नावाने कोणीतरी चांगले पॅच पाठवू लागलं. त्याच सुमारास इतर काही नावांनी मूळ मेंटेनरवर "तुम्ही फार हळू आहात" असा दबाव येऊ लागला. हळूहळू टानकडे कारभार आला. २०२४ च्या सुरुवातीच्या दोन आवृत्त्यांत त्याने चोरदरवाजा बसवला. त्याची एक किल्ली चाचणीच्या फाइलींत दडवलेली होती. दुसरी तर गिटच्या वहीत नव्हतीच, फक्त वाटपाच्या गठ्ठ्यात होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरताना साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्याने पिच्छा पुरवला आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळं उघडं केलं. कोड खुला होता, म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आलं.

चोर कोडच्या कमकुवत जागेतून आत आला नाही. तो थकलेल्या, एकट्या राखणदाराच्या बाजूने आला. गायी देणारे पुष्कळ आणि वैरण घालणारा एक, अशी स्थिती झाली की गोठ्याची किल्ली कोणाच्याही हातात जाते.

१०. सुरुवात कुठून?

कोड लिहिण्यापासूनच सुरुवात व्हावी, असं मुळीच नाही. मराठी वाचकाच्या हातात एक काम तर भाषेनेच दिलं आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. दुसऱ्या शब्दातला आडव्या वळणाचा रफार मराठीत अर्थच बदलतो. अक्षरं अशी जोडून मांडण्याचं काम 'हार्फबझ' नावाचा खुला प्रोग्राम करतो; फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस तिघंही तो वापरतात. एखाद्या फॉन्टमध्ये 'दऱ्या' नीट दिसत नसेल, तर "मराठी बिघडलंय" असं कळवून काही होत नाही. असं कळवा : प्रोग्राम कोणता, आवृत्ती कोणती, फॉन्ट कोणता, टाइप केलेली अक्षरं द, ऱ, हलन्त, य, काना, दिसायला हवं काय, दिसतंय काय, सोबत पडद्याचं चित्र. चूक फॉन्टची की मांडणीची, हे मेंटेनरला पाच मिनिटांत ठरवता येईल. असा नीट लिहिलेला अहवाल हेही योगदानच आहे.

त्याहून सोपं आणि अधिक हवं असलेलं काम म्हणजे दुसऱ्याचा पॅच आपल्या यंत्रावर चालवून बघणं आणि निकाल कळवणं. कर्नलमध्ये अशा माणसाचं नाव 'टेस्टेड-बाय' या ओळीत बदलासोबत कायमचं नोंदलं जातं, लिहिणाऱ्याच्या सहीच्या शेजारीच. तुमचं पहिलं योगदान तेच असू द्या. आपली गाय घेऊन जायची ती नंतर. आधी एक पेंढी वैरण टाकून या.